‘झालं’ म्हटल्यानंतरची तीन मिनिटे

देवळीच्या बसस्थानकासमोर, खताच्या दुकानाला लागून तानबा हिवरे यांचा फोटो स्टुडिओ आहे. पाटीवरची अक्षरे उन्हाने इतकी उडाली आहेत की ज्याला नाव आधीपासून ठाऊक आहे त्यालाच ती वाचता येतात. आत एक फिरते स्टूल, एक निळा पडदा आणि भिंतीवर चाळीस वर्षांतली साठ-सत्तर छायाचित्रे. ती निरखून पाहिली तर ध्यानात येते की त्यांतले कोणीही हललेले नाही. नवरदेव, नवऱ्या, निवृत्त तलाठी, पोळ्याचे बैल, सगळे सारखेच ताठ. एका छायाचित्रात तर एका पहिलवानाने दुसऱ्याला खांद्यावर उचलले आहे आणि दोघेही श्वास रोखून समोर पाहत आहेत.

या ताठपणाचे मूळ रोलमध्ये आहे. तानबाभाऊंनी धंदा सुरू केला तेव्हा एका रोलमध्ये छत्तीस फोटो यायचे, रोल नागपूरहून आणावा लागायचा, आणि हललेला फोटो गिऱ्हाईक घेत नसे. त्यांनी मग एक पद्धत बसवली. कॅमेरा डोळ्याला लावून म्हणायचे, “हालू नोका.” मग, “दम धरा.” मग खटका. त्यानंतर कॅमेरा छातीशी खाली घेत, सगळ्यांना ऐकू जाईल असे, “झालं.”

यातला शेवटचा शब्द सर्वांत महत्त्वाचा. ‘झालं’ म्हटल्यावर पदर सावरावा, जांभई द्यावी, सासूशी भांडावे. तो वेळ तानबाभाऊंचा नव्हे. त्यानंतर त्यांनी एकही फोटो कधी घेतला नाही. आमच्या गावच्या ज्या घरांतल्या बाया परपुरुषासमोर येत नसत, त्यासुद्धा तानबाभाऊंच्या कॅमेऱ्यासमोर आल्या त्या या एका शब्दाच्या भरवशावर. लग्नात व्हिडिओवाला वेगळा आणि फोटोवाला वेगळा, ही आमच्याकडची रीत त्यांना पूर्ण मान्य होती. व्हिडिओवाल्याविषयी ते फारसे चांगले बोलत नसत. “त्याचं कव्हाच होत नाई,” असे म्हणत.

अशा माणसावर वयाच्या एकसष्टाव्या वर्षी चित्रपट काढण्याची वेळ आली. तिला थोडाफार मीही कारणीभूत आहे, म्हणून हे लिहितो आहे.

वर्ध्यातल्या एका लोककला संस्थेने जिल्ह्यातल्या जुन्या कलावंतांची नोंदवही करायला घेतली होती. नोंद झालेल्यांना पुढे शिबिरात मुलांना शिकवण्यासाठी बोलावणार होते. देवळीपासून सात किलोमीटरवरच्या आमच्या गावात बाबाराव डफ नावाचे शेतकरी आहेत. ते विशीपासून चाळिशीपर्यंत दंडारीत नाचायचे. ढोलकी आणि टाळांवर नाचत-गात गावापुढे कथा उभी करायची, ती दंडार. आमच्या गावची दंडार बंद पडून अठरा वर्षे झाली. मंडळातले बहुतेक वारले. बाबाराव त्रेसष्ट वर्षांचे झाले, उजव्या गुडघ्याची वाटी झिजली, आणि सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात तपासून आल्यावर त्यांना सांगण्यात आले होते की शक्यतो मांडी घालू नका आणि नाचण्याचे तर नावच काढू नका. त्यांचे नाव वहीत चढले नाही तर आमच्या गावात दंडार होती हे सांगायला काहीही उरणार नव्हते. त्यांचा अर्ज मी लिहिला. सोबत त्यांची अकरा छायाचित्रे जोडली. सगळी तानबाभाऊंनी काढलेली.

संस्थेचा शेरा आला: “छायाचित्रांत अर्जदार केवळ उभा दिसतो. वेशभूषा कोणीही करू शकतो. सादरीकरणाचा पुरावा नाही. एकतीस मेपर्यंत चित्रफीत सादर करावी.”

मी गेली सतरा वर्षे वर्ध्याच्या एका महाविद्यालयात घड्याळी तासिकेवर मराठी शिकवतो. दोन पदव्युत्तर पदव्या जवळ असताना दरवर्षी जूनमध्ये नवा अर्ज आणि नवा फोटो देऊन मी अजून मीच आहे हे सिद्ध करावे लागते. त्यामुळे असे शेरे मला अनोळखी नाहीत. तरी हा वाचून मी चक्रावलो, कारण तो खोटा नव्हता. अकरा फोटोंत बाबाराव अकरा वेळा उभे होते. एक हात कमरेवर, एक वर, हनुवटी उंच. पायांत घुंगरू, पण पाय जमिनीला खिळलेले.

मी कागद तानबाभाऊंना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि भिंतीवरच्या पहिलवानांकडे बघत राहिले.

“सर, दंडार रंगात आली की मीच वरडत होतो, थांबा, हालू नोका. ढोलकी थांबे, हा थांबे. माह्यासाठी थांबत होता हा.”

“तुमचा काय दोष? रोल महाग होता.”

“महाग होता. पन नाचताना एक तरी काढाचा होता ना.” मग म्हणाले, “शूटिंग मीच करतो.”

लग्नाचा हंगाम ऐन भरात होता आणि तालुक्यातले सगळे व्हिडिओवाले अडकलेले होते. संस्थेचा नियम क्रमांक सहा असा होता: “चित्रफीत चित्रपटाच्या दर्जाची असावी. भ्रमणध्वनीवरील चित्रण ग्राह्य धरले जाणार नाही.” सोबतच्या नमुन्यात कॅमेऱ्याच्या प्रकारासाठी दोन चौकोन होते: एक ‘छायाचित्रणाचा’, दुसरा ‘चलच्चित्रणाचा’. कोणत्यातरी एकावर खूण करायची.

माझ्या गोंधळाला येथून सुरुवात झाली. मी संस्थेला रीतसर पत्र लिहून विचारले की छायाचित्रणासाठी बनवलेल्या, परंतु उच्च प्रतीचे चलच्चित्रणही करणाऱ्या कॅमेऱ्यावरची फीत ग्राह्य धरणार काय, आणि धरणार असल्यास खूण कोठे करावी. उत्तर आले: “नियम क्रमांक सहा पाहावा.” मी लिहिले की नियम क्रमांक सहा पाहिल्यावरच प्रश्न पडला आहे. त्याचे उत्तर आले नाही. या देशात प्रश्न नीट मांडणाऱ्याला उत्तर मिळत नाही, हा माझा जुना अनुभव आहे.

शेवटी आम्ही दोघे वर्ध्याला नीलेशच्या दुकानात गेलो. कॅमेऱ्यांचा हा धंदा त्याच्या वडिलांपासूनचा. तानबाभाऊ त्यांचे जुने गिऱ्हाईक. नीलेशने काळा, जाडजूड कॅमेरा काढून समोर ठेवला.

“काका, हा घेऊन जा पंधरा दिवस. आजकाल मोठे मोठे पिक्चरवाले याच्यावरच शूट करते.”

“हा त फोटोचा दिसते.”

“फोटोचाच हाय.”

“मंग पिक्चर कसा काढते?”

“पिक्चर बी काढते. ऐसा है काका, एका सेकंदात पंचवीस फोटो घेते समजा. एकेका फोटोत तीन कोटी ठिपके. थेटरच्या पडद्यावर लावला तरी फाटत नाई.”

तानबाभाऊंनी कॅमेरा हातात फिरवला. “म्हंजे रोलच्या वरचढ. एका सेकंदात पंचवीस. मंग मी ‘हालू नोका’ कव्हा म्हनू? पंचवीस येळा?”

“म्हनाचंच नाई ना काका.”

“न म्हनता फोटो काढू?”

“फोटो नाई, पिक्चर!”

“आताच त तू फोटो म्हनला बे.”

नीलेशने माझ्याकडे पाहिले. मी शिकलेला असल्याने मदत करीन असे त्याला वाटले असावे. मी दोन रात्री याच विषयावर वाचन केले होते. काही जाणकार म्हणत होते की हा कॅमेरा चित्रपटाच्या कॅमेऱ्याहून तसूभरही कमी नाही. काही म्हणत होते की तो तापतो, मध्येच बंद पडतो, आवाज धड धरत नाही आणि झटकन वळवला तर सरळ खांब तिरके दाखवतो. वाचून मला एवढेच उमगले की ज्यांच्याकडे तो आहे ते त्याला चांगला म्हणतात आणि ज्यांच्याकडे दुसरा आहे ते वाईट. मी नीलेशला विचारले, “चौकोन कोणता?” त्याला प्रश्न कळला नाही.

निघताना त्याने बजावले, “उन्हात सांभाळा. गरम झाला की स्वतःच बंद होते. अन् काका, सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवजो. तुम्ही नेहमी ठेवता तसा पाचशेवर ठेवसान त माणूस झटके देत चालल्यावानी दिसन.”

“पन्नासवर त हललेला येईन.”

“येऊ द्या ना काका. हलनाराच पाहिजे आपल्याले.”

तानबाभाऊंनी मान डोलावली; पण त्यांना ते पटले नव्हते हे मला दिसत होते.

वीस मे रोजी सकाळी दहाला मारुतीच्या देवळापुढच्या पटांगणात चित्रीकरण ठरले. बाबारावांनी पेटीतला अंगरखा काढला होता. घुंगरू त्यांच्या पत्नी विमलाबाईंनी बांधले, कारण त्यांना वाकता येत नव्हते. ढोलकीला अंकुश, मंडळाच्या जुन्या ढोलकीवाल्याचा मुलगा. गावातले दीड-दोनशे लोक गोळा झाले. ढोलकी सुरू झाली, बाबारावांनी गुडघा अंदाजत दोन पावले टाकली आणि अंगात काहीतरी चढू लागले. मी स्वतः पाहिले. तेवढ्यात तानबाभाऊंनी कॅमेरा डोळ्याला लावला.

पुढे काय झाले ते मला त्या क्षणी जाणवलेच नाही, हे मी कबूल करतो. सगळे मला नेहमीसारखेच वाटले. साडेचार मिनिटांनी तानबाभाऊ म्हणाले, “झालं.” घामाने निथळत, पण तृप्त चेहऱ्याने ते माझ्याकडे आले.

“सर, एवढे लोक होते, पन एकही हालला नाई.”

मीही म्हणालो, “उत्तम.”

त्या संध्याकाळी माझ्या घरच्या संगणकावर फीत उघडली. चित्र आले. अप्रतिम चित्र. बाबारावांच्या अंगरख्याची शिवण मोजता येत होती, देवळाच्या कळसावरचा पक्षी ओळखता येत होता. पण चित्र पुढे सरकेना. बाबाराव एक हात कमरेवर, एक वर. अंकुशचा तळवा ढोलकीवर टेकलेला. मागे दीडशे माणसे. उजव्या कोपऱ्यात मी, शर्टाचे वरचे बटण लावून.

“अटकला,” तानबाभाऊ म्हणाले.

संगणक जुना आहे. एका सेकंदात पंचवीस वेळा तीन कोटी ठिपके त्याला झेपत नसणार, असे मी निदान केले. तो बंद केला, पुन्हा लावला, खिडकी उघडून पंखा त्याच्याकडे वळवला. पुन्हा तेच चित्र. खालचे घड्याळ मात्र पुढे पळत होते. दोन मिनिटे. तीन मिनिटे. चित्र अडकले आहे तर घड्याळ कसे चालते? आणि घड्याळ चालते तर चित्र का अडकते? मी महाविद्यालयाच्या संगणक विभागातल्या एका सहकाऱ्याला फोन केला. त्यानेही संगणकच बदलायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याला नीलेशच्या मोठ्या संगणकावर फीत लावली. तिथेही बाबाराव उभेच. नीलेशने दोन-तीन तारा हलवल्या, काहीतरी बदलले, कपाळावर हात मारला. “फाइलच खराब हाय वाटते.” तेवढ्यात पडद्याच्या डाव्या काठाने एक तांबडे कुत्रे आत आले. ते सावकाश बाबारावांच्या पायाशी आले, घुंगरू हुंगले, बसले, कान खाजवला, उठले आणि उजवीकडून निघून गेले.

कुत्रे गेल्यावर देवळावरचा झेंडा फडफडताना दिसू लागला. तो आधीपासून फडफडतच होता.

“काका,” नीलेश हळूच म्हणाला, “कॅमेरा बरोबर चालून राह्यला.”

तानबाभाऊ पडद्याकडे टक लावून पाहत होते. चाळीस वर्षांच्या धंद्यातले सर्वांत स्वच्छ, सर्वांत न हललेले काम त्यांच्यापुढे होते. “म्या ‘हालू नोका’ म्हनलोच नाई सर,” ते म्हणाले. “तुमी होते ना तिथं. म्हनलो का म्या?”

नव्हते म्हटले. म्हणण्याची गरजच नव्हती.

संस्थेच्या सचिव रुचिका मॅडम यांना मी फोन करून मुदतवाढ मागितली. त्या म्हणाल्या, “सर, कॅमेरा कुठलाही चालेल हो, फक्त माणूस नाचताना दिसला पाहिजे.” हेच एक वाक्य त्यांनी माझ्या पहिल्या पत्रावर लिहिले असते तर एकोणीस दिवस वाचले असते. मुदतवाढ मात्र नाकारली. एकतीस म्हणजे एकतीस.

दुसरे चित्रीकरण एकोणतीस तारखेला. या वेळी गाव बोलावले नाही. बाबाराव, अंकुश, विमलाबाई, तानबाभाऊ आणि मी. पारा सकाळी नऊलाच चाळिशीपलीकडे गेला होता.

“बाबाराव, आता नाच गा. माह्याकडं पाहूच नोको,” तानबाभाऊ म्हणाले.

“नाई पाहत.”

कॅमेरा डोळ्याला लागला आणि बाबारावांची हनुवटी आपोआप वर गेली. तानबाभाऊंनी तो काढून घेतला. हनुवटी खाली आली. पुन्हा लावला, पुन्हा वर. मग त्यांनी कॅमेरा तिपाईवर ठेवला. तरी तेच.

“अबे, मी काय तुले गोळी घालून राह्यलो का?”

“मी काय करू बे? तू दिसला की पाय धरते. तूच शिकवलं.”

“चाळीस वर्सं झाली शिकवून, इसर ना आता.”

“तू इसरला का? मघा तूच दम धरला होता, म्या पाह्यलं.”

बाबारावांनी मोठ्या कष्टाने काही पावले टाकली. पण ती पावले नव्हती. एका फोटोतून दुसऱ्या फोटोत जाणे होते. हात वर, थांबणे. कंबर, थांबणे. तासाभरात गुडघा सुजला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तापल्याची लाल खूण उमटून तो बंद पडला. आम्ही त्याला देवळाच्या सावलीत ठेवले आणि अंकुश एका वहीच्या पुठ्ठ्याने त्याला वारा घालू लागला. विमलाबाईंनी नवऱ्याच्या गुडघ्यावर ओला पंचा ठेवला.

“आता एक डाव. जास्त नाई,” त्या म्हणाल्या. मग पाण्याचा तांब्या घेऊन तानबाभाऊंजवळ येऊन बसल्या आणि आवाज खाली आणून बोलू लागल्या. मी शेजारीच होतो.

“भाऊजी, तुमचे फोटो मी इतके वर्सं पाह्यते. फोटोत सगळे मढ्यावानी. तुमी ‘झालं’ म्हनता ना, तव्हा मानसं मानसावानी होते. तुमी ‘झालं’ म्हना. अन् मशीन चालूच राहू द्या.”

ही गोष्ट मला सुचली नव्हती. सगळे वाचन करूनही सुचली नव्हती. मला ती तत्क्षणी पटली. तानबाभाऊंनी मात्र तांब्या खाली ठेवला.

“नाई वहिनी.”

“काऊन?”

“‘झालं’ म्हनल्यावर फोटो काढनं म्हंजे चोरी.”

“तुमच्या दोस्ताचाच त हाय.”

“म्हनूनच.”

मी त्यांना समजावू लागलो की हा फोटो नाही, चित्रपट आहे. त्याला तो नियम लागू नाही. ते म्हणाले, “सर, तुमीच इतके दिवस इचारून राह्यले ना की हा फोटोचा का पिक्चरचा? तुमाले सापडलं का?” मला सापडले नव्हते.

लाल खूण विझली होती. तानबाभाऊ उठले, कॅमेरा तिपाईवर बसवला, आणि बराच वेळ त्याच्यामागे वाकून उभे राहिले. बाबाराव पुन्हा उभे राहिले: हात वर, हनुवटी वर. मिनिट गेले. मग तानबाभाऊ ताठ झाले, कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि म्हणाले, “झालं.”

आवाज नेहमीचा नव्हता. पण शब्द तोच होता.

बाबारावांचे खांदे खाली आले. “जमलं का?”

“नाई,” तानबाभाऊ म्हणाले. यात खोटे काही नव्हते.

“म्हंजे गेलं ते नाव.” बाबाराव पारावर टेकायला निघाले. अंकुशने वैतागून ढोलकी मांडीवर ओढली आणि उगाच बोटे फिरवू लागला.

विमलाबाई म्हणाल्या, “आना ते घुंगरू इकडं. पेटीत ठेवते. उगाच मिरवले एवढ्या उन्हात.”

“उगाच काऊन?”

“मंग काय त! अंकुशच्या बापाच्या ढोलकीवर नाचत होते म्हने कोनी. मले त आता इसर पडला.”

“इसर पडला?” बाबाराव वळले. “अंकुश, तुह्या बापाची ती चाल वाजव रे. हिले दाखवतो.”

मग ते नाचले. गुडघ्याला सांभाळत सुरुवात केली आणि पुढे त्याला विसरले. मी दंडार लहानपणी पाहिली होती. पण मी फोटो इतके पाहिले होते की तिची आठवण फोटोंसारखीच झाली होती. डावा हात पाण्यातून काढल्यासारखा येतो हे मला ठाऊक नव्हते. विमलाबाई हसत होत्या आणि तोंडावर पदर धरत होत्या. तानबाभाऊ तेवढे पाहत नव्हते. ते कॅमेऱ्याकडे आणि मित्राकडे, दोन्हींकडे पाठ करून देवळाच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते. तीन मिनिटांनी बाबारावांनी गिरकी घेतली, पाय उचलला, आणि कॅमेऱ्याने एक बारीक आवाज करून पुन्हा लाल खूण दाखवली. तो आवाज माझ्याखेरीज कोणी ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तानबाभाऊ नीलेशकडून मोठा संगणक मागून बाबारावांच्या ओसरीवर आले.

“बाबाराव, म्या तुह्याशी खोटं बोललो.”

“कव्हा?”

“काल. ‘झालं’ म्हनलो तव्हा झालं नोतं.”

बाबारावांना कळले नाही. तानबाभाऊंनी फीत लावली. बाबाराव पुढे सरकले, मग आणखी पुढे.

“हा मी हाय?”

“मंग कोन?”

“माहा डावा हात असा जाते?”

“चाळीस वर्सांपासून असाच जाते,” विमलाबाई दारातून म्हणाल्या.

त्यांनी तो कधी पाहिला नव्हता. कसा पाहणार? फीत गिरकीवर तुटली. काळ्या पडद्याकडून बाबाराव मित्राकडे वळले.

“तू चोरून काढला.”

“हो.”

“पुसून टाक म्हनलं त?”

तानबाभाऊंनी संगणकावर बोट ठेवले. “टाकतो. तू म्हन.”

मुदत संपायला एक दिवस उरला होता. मला पुष्कळ बोलावेसे वाटत होते. पण माझ्या मताला तिथे जागा नव्हती.

“पुन्ना लाव,” बाबाराव म्हणाले.

फीत सहा वेळा लागली. सहाव्यांदा संपल्यावर ते म्हणाले, “पुसू नोको. देऊन टाक त्याहिले. पन एक आयक तानबा. यापुढं तू मले ‘झालं’ म्हनशील, त मी हालनार नाई.”

“बरोबर हाय,” तानबाभाऊ म्हणाले. त्यांनी संगणक बंद केला.

एकतीस तारखेला मी चित्रफीत स्वतः नेऊन दिली. नमुन्यातल्या दोन्ही चौकोनांवर खूण केली आणि समासात सात ओळींचे स्पष्टीकरण लिहिले. ते कोणी वाचल्याचे दिसले नाही. पंधरा दिवसांनी पत्र आले: बाबाराव डफ, दंडार, नोंद क्रमांक एक्केचाळीस. दिवाळीच्या शिबिराचे निमंत्रण. सोबत सूचना की नोंदवहीसाठी ‘सादरीकरणातील एक छायाचित्र’ पाठवावे.

तेव्हा तानबाभाऊंनी चित्रफितीतले शेवटचे चित्र वेगळे काढून छापले. पाय वर उचललेला, चेहरा स्वच्छ, घुंगरू धुरासारखे पुसट. “हाललेला फोटू म्या आजवर कोनाले देल्ला नाई,” म्हणत त्यांनी तो पाकिटात घातला. चित्रपटासाठी फोटोचा कॅमेरा वापरला आणि चित्रपटातून शेवटी फोटोच निघाला. हा नेमका कोणत्या चौकोनाच्या बाजूचा पुरावा आहे, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

गोष्ट मात्र गावभर झाली. बाबारावांनीच सांगितली, अभिमानाने सांगितली, तानबाभाऊंची तारीफ म्हणून सांगितली. पण ऐकणाऱ्यांच्या मनात तिचा एवढाच भाग राहिला की तानबाने ‘झालं’ म्हटले आणि झाले नव्हते. आता त्यांच्या स्टुडिओत स्टुलावर बसलेली माणसे ‘झालं’ नंतरही तशीच बसून राहतात. एक बाई मला सांगत होती, फोटो काढून झाल्यावर घरी पोचेपर्यंत तिने पदर सारखा केला नाही. कोणी उघड विचारतात, “खरंच झालं का?” ज्यात पिक्चर निघतच नाही असा जुना कॅमेरा असला तरी विचारतात. त्यांचे काही चुकते असे मला म्हणता येत नाही, आणि तानबाभाऊंचे चुकले असेही म्हणता येत नाही.

जूनच्या शेवटी महाविद्यालयाच्या नव्या अर्जासाठी मी फोटो काढायला गेलो. निळा पडदा, फिरते स्टूल. मी वरचे बटण लावले.

“हालू नोका. दम धरा.” खटका झाला. “झालं.”

मी हललो नाही. ठरवून नव्हे. मी सगळे जवळून पाहिले होते, त्यांना सर्वांत जास्त मीच समजून घ्यायला हवे होते. तरी माझी मान जागची हलेना.

तानबाभाऊंनी माझ्याकडे पाहिले. कॅमेरा उलटा केला, खालचे झाकण उघडले, आतली बॅटरी काढली आणि काउंटरवर माझ्यासमोर ठेवली. ते इतक्या सवयीने केले की दिवसातून कितीतरी वेळा करावे लागत असणार हे कळले.

“आता हाला, सर,” ते म्हणाले.